पंचमीची सुई

नागपंचमीला लेकी माहेरी जातात. त्या वर्षी मात्र माझी आई शिराळ्याजवळच्या आमच्या गावाहून सांगलीला माझ्याकडे आली होती, आणि तीही डोळ्याला सुई टोचून घ्यायला. साखरेनं तिच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले होते. लेसर करताना डोळा हलू नये म्हणून डॉक्टर आधी डोळ्याखाली इंजेक्शन देत. उजवा डोळा महिन्यापूर्वी झाला होता, तेव्हा माझा मोठा भाऊ, दादा, तिच्याबरोबर होता. डावा आता फार दिवस थांबणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

त्या पहिल्या सुईनंतर आई बदलली होती. भांडी घासता घासता मध्येच थांबायची. कुणी तोंडासमोर हात नेला तरी मान मागे घ्यायची. मला हे सगळं दिसत होतं, पण मी पडले शाळेत विज्ञान शिकवणारी. समजावून सांगितलं की भीती जाते, यावर माझा भलताच विश्वास. मी वहीवर डोळ्याची आकृती काढून दाखवली. तिनं न बघताच मान डोलावली.

तारीख मीच घेतली होती. पंचमीची शाळेला सुट्टी, मग रजा कशाला घालवा?

सकाळी आई म्हणाली, "आज पंचमी हाय, बाई. आज चिरायचं न्हाई, नांगर धरायचा न्हाई, सुईला हात लावायचा न्हाई. फुडच्या आठवड्यात जाऊ की."

मी ऐकलं नाही. दवाखान्यात बाकावर बसल्यावर तिनं पुन्हा हळूच तेच काढलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "डॉक्टर काय तुझ्या डोळ्यात नांगर घालणार आहेत का?"

दोघी-तिघी हसल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू! आईनं पदर पुढे ओढला.

तिला आत नेलं. थोड्या वेळानं सिस्टर दारात आली. "आजींबरोबर कोण आहे? हात धरायला आत या. मागच्या वेळी फार थरथरत होत्या."

मी उठले. उघड्या दारातून ट्रेमधली सुई दिसली आणि मी तिथूनच मागे फिरले.

"मी रिक्षा बघून येते," मी म्हणाले.

रिक्षा दाराशीच ओळीनं उभ्या होत्या. सगळं आटपेपर्यंत मी त्यांच्याजवळ उभी राहिले.

घरी जाताना आईच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. रिक्षात तिनं चाचपडत माझा हात धरला.

"आत न्हाई आलीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "शाळेत टोचायला आले तवा तू भोवळ येऊन पडली व्हतीस. फुडच्या आठवड्यात दादाला रजा मिळणार व्हती, म्हणून म्या पंचमीचं काढलं. नायतर माझं काय अडलं व्हतं?"

मला तोंड कुठं लपवू असं झालं. माफी मागायला हवी होती. मी रस्त्याकडे बघत बसले.

"दादाला सांगू नगंस," ती म्हणाली. "म्या सांगीन, तू आत व्हतीस म्हणून."

आणि तिनं तसंच सांगितलं. मी तिच्या शेजारी बसून ऐकून घेतलं.