बाकावरचा कोच

अमेरिकेच्या गवताळ प्रेअरीतल्या आमच्या युनिव्हर्सिटीने फुटबॉल कोचला काढून टाकलं, तेव्हापासून तो रोज सकाळी आठला आमच्या पगाराच्या ऑफिसबाहेर बाकावर येऊन बसायचा. कराराची दोन वर्षं शिल्लक होती. तोवर पगार चालू, पण कामाला हजर राहायचं, अशी अट होती. काम मात्र त्याला कुणी देत नव्हतं.

हा धिप्पाड माणूस स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नाही. गुडघा सारखा हलायचा. गळ्यात शिट्टी तशीच. अर्ध्या-अर्ध्या तासाने दारातून डोकं घालून विचारायचा, "मिस्टर के, एनी वर्क फॉर मी?" माझं पूर्ण आडनाव त्याला कधी जमलं नाही. "नॉट टुडे, कोच," म्हणून मी उगाच टाइपरायटर बडवत राहायचो.

"एकाला काढलं, नवा आणला, आणि दोघांना पोसतोय," आमचे साहेब करवादायचे. "कंटाळून जाईल कधीतरी."

पुढच्या सीझनला पहिला बर्फ पडला, त्या सकाळी बाक रिकामा होता. मला हायसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. खिडकीतून पाहिलं तर तो मैदानाच्या कडेचा बर्फ फावड्याने शोव्हल करत होता. मॅच चालू असताना कोच येरझाऱ्या घालतो, तेवढाच पट्टा. थोड्या वेळाने नवा कोच आला आणि त्या साफ पट्ट्यावरून चालू लागला. हा बाजूच्या बर्फात सरकला.

मग ओल्या बुटांनी माझ्या दारात आला.

"मिस्टर के, राइट इट डाउन. टुडे आय वर्क्ड."

असं लिहून ठेवायला आमच्याकडे छापील फॉर्म नव्हता. मी कोरा कागद घेतला.