नेजातसाहेबांची मधली वर्षं

किस्से कुणी गोळा करत नाही. ऑफिसच्या सिंकमधल्या चहाच्या कपांसारखे ते आपोआप साठतात, आणि धुवायला कुणी पुढे येत नाही! नव्वदच्या दशकात सिंगापुरात पाया लेबारला आमचं जहाजदुरुस्तीचं छोटंसं ऑफिस होतं. मालक तुर्की, मी आणि कुलकर्णी मरीन इंजिनियर, अकाउंट्सला मिस टॅन. आणि कोपऱ्यात, त्या उकाड्यातही टाय लावून, मालकांचे मामा नेजातसाहेब. निवृत्त राजदूत. हुद्दा सल्लागार, काम शून्य!

*

एकदा एक वर्कशॉप आमचा पंप देईना. जहाज धक्क्याला अडकलेलं. कुलकर्णी फोनवर ओरडून थकला आणि वैतागून म्हणाला, "सर, आता तुम्हीच बघा."

साहेबांनी फॅक्स लिहिला: "पंपाच्या भवितव्याविषयी उभय पक्षांत मोकळेपणाने चर्चा झाली. आम्ही अजूनही आशावादी आहोत."

"डोंबल होणार याने!" कुलकर्णी माझ्या कानात पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी पंप दारात! वर्कशॉपचा मालक स्वतः घेऊन आलेला, घामाघूम. सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "प्लीज लाह, नो नीड कॉल लॉयर!"

*

साहेब नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या देशात, तुर्कस्तानात, एकाच पक्षाचं राज्य होतं. पन्नास साली निवडणूक झाली आणि तो पक्ष चक्क हरला. साहेब तेव्हा युरोपातल्या एका वकिलातीत सगळ्यात ज्युनियर. त्यांच्या राजदूतांनी जुन्या राष्ट्राध्यक्षांचा फोटो झटपट उतरवला, पण नव्यांचा काही येईना. दिवाणखान्यात नुसता खिळा!

एका पार्टीत कुणीतरी त्या खिळ्याकडे बोट दाखवलं. राजदूत शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे लोकशाही आली आहे. फोटो टपालात आहे!"

*

कुलकर्णीला वाद घालायची भारी खाज. एकदा तो म्हणाला, "सर, आम्ही कसे अलिप्त राहिलो! तुम्ही मात्र अमेरिकेच्या मांडीवर जाऊन बसलात."

साहेबांनी कॉफीचा घोट घेतला. "मिस्टर कुलकर्णी, तुमच्या आणि रशियाच्या मध्ये हिमालय होता. आमच्या मध्ये काटेरी तार. अलिप्त राहायला अंतर लागतं!"

कुलकर्णीने आपली खुर्ची गुपचूप दोन फूट मागे सरकवली.

*

मिस टॅनला मात्र कसलीच भीड नव्हती. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, जेवताना तिने सरळ विचारलं, "अंकल, यू सो क्लेव्हर, व्हाय नेव्हर बिकम मिनिस्टर?"

"माझे साहेब झाले होते मिनिस्टर," ते म्हणाले. "साठ साली लष्कराने सत्ता घेतली आणि पुढे त्यांना फाशी दिली. मी फक्त नोकरीवरून गेलो."

मिस टॅनने आपला फिशबॉल सूपचा बाऊल त्यांच्यापुढे सरकवला. "देन यू ईट मोअर, लाह."

त्या दिवशी साहेब पहिल्यांदा मोकळे झाले. बडतर्फीचा हुकूम त्यांच्या हातात ठेवला तो ओरहानने. दोघं एकाच दिवशी रुजू झालेले, यादीत साहेबांचं नाव एक नंबर वर, एका खोलीत राहिलेले. काही वर्षांनी साहेबांना परत घेतलं, पण मधली वर्षं नोकरीत धरली नाहीत. ओरहान सीनियर झाला, साहेब कायमचे ज्युनियर. तेव्हापासून अबोला.

"मला पद नको होतं हो," ते म्हणाले. "त्याने एकदा तोंडाने म्हणावं, की ती वर्षं माझी होती." मला फार वाईट वाटलं.

*

आणि एके दिवशी हे ओरहानसाहेब सिंगापुरात हजर! ऑस्ट्रेलियाला मुलाकडे निघाले होते, वाटेत दोन दिवस मुक्काम. आमच्या मालकांनी दोघांनाही काही न सांगता रविवारी पुलाउ उबीन बेटाची ट्रिप काढली. लाकडी बमबोटीत दोघं म्हातारे समोरासमोर बसले. दोघांनाही टाय. एक बघतोय डाव्या बाजूच्या समुद्राकडे, दुसरा उजव्या.

बोट जेटीला लागली. कुलकर्णी माझ्या कानात म्हणाला, "आता बघ. बोटीतून सीनियर माणूस आधी उतरतो. जहाजावर तोच नियम, यांच्यातही तोच." म्हणजे आधी ओरहानसाहेब. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो.

ते उठलेच नाहीत!

बोटवाला ओरडला, "ओय अंकल, गेट डाऊन ऑर गो बॅक?"

ओरहानसाहेबांनी घसा खाकरला. तुर्की सोडून मुद्दाम इंग्रजीत, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आधी तुम्ही, एक्सलन्सी. मधली वर्षं धरली तर सीनियर तुम्ही आहात. आणि ती धरायलाच हवीत."

बोट हलत होती. नेजातसाहेब उठले, टाय नीट केला आणि जेटीवर उतरले. दोन पावलं पुढे गेले, थांबले, मागे वळले आणि त्यांनी हात पुढे केला.

"धर," ते म्हणाले. "फळी निसरडी आहे. तू पडलास तर मी भांडू कुणाशी?"