उतरलेल्या माणसासाठी दिवे

माणूस पहिल्यांदा आकाशात गेला त्या दिवसांचा विषय निघाला, की मी चहा टाकायला उठते. डिचोलीला सासरी आल्यापासूनची माझी ही सवय. कुणाच्या ती लक्षात आलेली नाही.

गोवा मुक्त होऊन दोनेक महिने झाले होते. पेडण्यात केरीजवळच्या आमच्या गावात बाबांचं दुकान होतं आणि दुकानात गावातला एकुलता एक बॅटरीवरचा रेडिओ. आधी तो खिडकी लावून, कान चिकटवून ऐकायचे. आता मोठ्याने लावायचे. त्यामुळे बाबांचं प्रस्थ वाढलं होतं. ते सांगतील ते खरं, असं गाव धरून चालायचं, आणि त्याचा तोरा शाळेत मी मिरवायचे.

एका सकाळी खरखरीतून बाबांना एवढंच कळलं, की अमेरिकेचा माणूस पृथ्वीभोवती फिरतोय आणि त्याला दिसावं म्हणून एका शहराने सगळे दिवे लावले. झालं! येईल त्या गिऱ्हाइकाला ते सांगत सुटले, ''आमीय लावया. तिनसांजेक कंदील घेवन टेकडेर येवा.''

संध्याकाळी घासतेलाला रीघ लागली. सगळे टेकडीकडे गेल्यावर शेवटी राहिली ती शेजारची काकी, नुकतीच लग्न होऊन आलेली. ती दारात उभी होती, मी तिच्या बाटलीत नरसाळं धरलं होतं, बाबा तेल ओतत होते. तेवढ्यात रेडिओ लख्ख बोलला: तो माणूस कालच समुद्रात सुखरूप उतरला होता. तेल माझ्या बोटांवर सांडलं. बाबांनी रेडिओ बंद केला. काकी बाटली घेऊन गेली. मला वाटलं, हिला काय कळतंय!

मला वाटलं होतं बाबा वर जाऊन खरं सांगतील. पण टेकडीवर म्हातारीकोतारीसुद्धा कंदील उंच धरून उभी होती. बाबा आणि मी त्यांच्यात जाऊन उभे राहिलो. शेवटी एकाने मुद्दामच विचारलं, ''खंय तुमचो माणूस?'' बाबांनी भलत्याच एका ताऱ्याकडे बोट केलं. तो काही जागचा हलेना. लाजेने माझे कान तापले.

आणि काकी ओरडली, ''दिसलो गे, दिसलो! थंय बघा!'' मग सगळ्यांनाच दिसला.

दुसऱ्या दिवशी म्हापशाहून कुणीतरी वर्तमानपत्र आणलं आणि गावाने बाबांना धारेवर धरलं. शाळेत पोरं मला तारे दाखवू लागली. बाबांनी चारचौघांत रेडिओ लावणं सोडलं. मी त्यांची लाज बाळगतच मोठी झाले. सासरी कधी सांगितलंच, तर त्या भोळ्या काकीची गंमत म्हणून सांगितलं, बाबांचं नाव न घेता. सगळे हसायचे. मीही.

परवा माहेरी गेले तेव्हा काकीला भेटले. आता ती थकली आहे, खाटेवरच असते. समोर टीव्हीवर आपला माणूस अंतराळातून हात हलवत होता. मी गमतीने म्हटलं, ''काकी, तुका तेव्हा दिसल्लो तसोच मा?''

ती म्हणाली, ''घासतेल घेवक इल्लंय मा मी? तेव्हाच आयकलंय. तो आदल्या दिसाच दर्यात उतरल्लो.''

''मग दिसलो म्हणान कित्याक सांगलंस?''

''तुझ्या बापाशीचो हात कापत होतो गे. कोणीतरी म्हणाक नको?'' मग अगदी सहज तिने विचारलं, ''तू तेच्या कुशीकच होतंस. तू कित्याक नाय म्हटलंस?''

बाबांनी ताऱ्याकडे बोट केलं तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात माझा हात होता. तो सोडवून घेऊन मी मागे सरकले होते.