रिकामा डबा

इकडे ये बघू जरा, लग्नाच्या गर्दीत बरी सापडलीस, अशी जवळ बस. सिकंदराबादेत राहतेस, हैदराबादेत मावशीकडे नल्लकुंट्याला यायला काय आगबोट लागते? कान पिळायला हवा तुझा.

होळीला तू माझ्याकडे होतीस. वरच्या मजल्यावरच्या वदिनेला मी पुरणपोळ्यांचा डबा पाठवला. वदिना म्हणजे तेलुगूत वहिनी. ती मला वदिना म्हणते, मी तिला. तीस वर्षांत आमचा एकही डबा रिकामा फिरला नव्हता. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी. दुसऱ्या दिवशी तू डबा आणून ओट्यावर ठेवलास. रिकामा, घासून लख्ख! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या पोळ्यांचा हा मान?

तेव्हापासून मी बोलणं टाकलं. जिन्यात दिसली की तोंड फिरवायची. उन्हाळा लागला, गच्चीत वाळवायचे तिचे लोणच्याचे आंबे आले, तशी मी गच्चीला कुलूप घातलं. हो, घातलं! घर माझं आहे.

ती खाली आली. "क्या जी वदिना, चावी किधर है?"

"माझ्या रिकाम्या डब्यात बघ."

क्षणभर तिला कळेना. मग अशी कडाडली, की समोरच्या खिडक्या उघडल्या. "सूतक के घर से भर के देती क्या मैं? गाँव में देवर गुजर गया उसी रात! तेरी भांजी कू बोली थी ना मैं! एक बार आके पूछी तू? ऊपर से ताला डाली!"

दीर गेला होता तिचा. सुतकातल्या घरातून कुणी खायला देत नाही, हे मला शिकवायला हवं? आणि तू, डबा ठेवलास, निरोप मात्र जिन्यातच सांडलास! कानात ती बोंडं घालून फिरतेस, दुसरं काय होणार!

तुझ्यावर चिडले, पण माझ्यावर जास्त. चार पायऱ्या चढून "का गं?" एवढंही विचारलं नाही मी. कुलूप मात्र शोधून आणलं.

गच्ची त्याच दिवशी उघडली. पण ती चढत नाही. दारात जाऊन सांगितलं, मला ठाऊकच नव्हतं गं. म्हणाली, "झूठ." मला कळूनही मी तिच्या दुःखात गेले नाही, असंच धरून बसली आहे. पुन्हा सांगायला गेले, तर दार लावून घेतलं.

आता तुझ्याच तोंडून ऐकेल ती. या रविवारी ये बाई. डबा मी भरून ठेवते, तू पुढं चाल, मी मागून येते.