आम्ही समुद्र उपसला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं सांगताना मला रडू येतं!

मला वाटलं होतं, नव्या वर्षाचं स्वागत कसं होईल? समुद्रकाठी दोन तंबू, लाटांचा आवाज, आणि माझं ऐकता ऐकता भारावून गेलेले काका. प्रत्यक्षात काय झालं? गंजीफ्रॉकवरचे काका पातेल्यानं समुद्र उपसतायत आणि मी ओरडतेय, "जोरात, काका, जोरात!"

त्याचं असं झालं. उत्तरेत, पार डोंगरात राहून मी पाण्याचं शिक्षण घेतलं आणि मराठवाड्याची तहान भागवायचीच, असा पण करून संभाजीनगरला परतले. काकांचं फुलंब्रीला वावर आहे. तिथं यंदा विहीर खणायची होती, आणि जागा मी दाखवायची होती. पोरीचं ऐकतो म्हणून अख्खं गाव काकांना हसत होतं. तेव्हा माझं ज्ञान त्यांना आधी दाखवून देणं भागच होतं ना? नव्या वर्षाचं निमित्त काढून, काका-काकूंना घेऊन मी थेट कोकणचा किनारा गाठला.

दुपारी पोचलो. समुद्र कुठंतरी लांब गेलेला, पुढ्यात सपाट ओली वाळू. बरोबर मधोमध तंबू ठोकले. तेवढ्यात काकू म्हणाली, "पोरी, प्यायचं पाणी संपलं की गं."

माझ्या अंगात संचारलंच! आमच्याकडं नदी आटली की तिच्या वाळूत खड्डा खणतात, त्यात गोडं पाणी झिरपतं. त्याला झिरा म्हणतात. इथं तर वाळूच वाळू! मी ताटलीनं खणत सुटले. हातभर खाली पाणी!

"लागलं की!" काका उड्या मारायला लागले. "आता म्हणावं गावाला, या बघायला!"

मी ओंजळभर प्याले. खरं सांगू? निव्वळ मीठ! पण काका माझ्या तोंडाकडं बघत होते हो.

"थोडी खनिजं आहेत," मी म्हटलं. "उपसलं की गोडं होतं."

काकांनी शर्ट काढला. तासभर उपसलं बिचाऱ्यांनी. पाणी कमी होईना, उलट वाढायलाच लागलं!

"लई जबर झरा हाय!" काका धापा टाकत म्हणाले.

"मोकळा झालाय! थांबू नका!"

"अगं, इथं माझ्या पायाशी पण आलं," काकू ओरडली.

"दुसरा झरा फुटला, काकू!"

काकूनं लगबगीनं दोन्ही कॅन पुढं केले.

एक शहाळीवाला मघापासून आम्हाला न्याहाळत होता. शेवटी त्याला राहवेना. "काय हरवलंय का तुमचं?"

"नाय हो," गुडघाभर पाण्यातून काका छाती काढून म्हणाले, "आमच्या पुतणीनं पाणी काढलंय."

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा समुद्राकडं. "ताई, भरती आहे ही. आणि तो तंबू तुमचाच ना? निघाला तो."

खरंच निघाला होता. डौलात, काकांच्या चपला पोटात घेऊन!

आसरा शहाळीवाल्यानंच दिला, त्याच्या पडवीत. सकाळी मी सूर्योदय बघायला समुद्राकडं तोंड करून बसले, तर सूर्य आला पाठीमागून, डोंगरातून! तेही मला माहीत नव्हतं.

काका अनवाणी येऊन शेजारी टेकले. "मग, विहीर कुठं खणायची सांग."

"अजून मलाच विचारता?"

"तुझ्या हाताला पाणी हाय, बाई. जरा जास्तच हाय, एवढंच."

तिथंच ठरवलं. जागा काका दाखवतील, कुदळ मी मारीन. आणि पाणी खारट लागलंच, तर सगळ्या गावादेखत थुंकून टाकीन. खनिजांचं नाव काढणार नाही!