एकोणीस वर्षांच्या तारा

खर्जोबा हे नाव त्याला बँडमधल्याच कुणीतरी ठेवलं आणि ते चिकटलं, कारण बेस गिटारसारखाच तो माणूसही सदा खालच्या पट्टीत गुरगुरत असे. दर शनिवारी दुपारी एका हॉटेलच्या दालनात निवृत्त जोडपी नाचायला जमत. त्यांच्यासाठी वाजवणाऱ्या बँडमध्ये तो गेली एकोणीस वर्षं मागच्या खांबाला टेकून उभा होता. या दालनात आपल्याखेरीज कुणालाही संगीतातलं ओ की ठो कळत नाही, असं त्याचं ठाम मत होतं आणि ते तो लपवतही नसे. नाचणाऱ्यांना तो चालती कपाटं म्हणायचा. बँड चालवणारे दाजी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्याच्या मते गळ्यानं नव्हे तर सुटाच्या इस्त्रीवर गात होते. ड्रमवाल्या बाई शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. ताल आणि कवायत यांतला फरक त्यांना या जन्मी कळणार नाही, हे तो बहिणीकडे जेवायला गेला की न चुकता सांगे.

त्याचा जीव होता तो फक्त तारांवर. बेसच्या तारा दोन तऱ्हेच्या. फ्लॅटवाउंड तारेवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते. ती बोटाला गुळगुळीत लागते, आवाज जाडसर आणि मऊ. राउंडवाउंडवर गोल तार गुंडाळलेली. ती खडबडीत, आवाज टणत्कारी, बोट सरकलं की किरकिरते. राउंडवाउंड लावणाऱ्यांबद्दल खर्जोबा आजारी माणसाबद्दल बोलावं तसा बोलायचा. “खणखणाटच हवा असेल तर किल्ल्यांचा जुडगा हलवा म्हणावं, गिटार कशाला?” चपट्या तारा तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत, बोटांचा मळ त्यांत मुरू द्यायचा, असा चपट्या तारा लावणाऱ्यांचा रिवाज. खर्जोबानं तर आपल्या तारा एकोणीस वर्षांत कधी पुसल्याही नव्हत्या. बहिणीनं एकदा कौतुकानं त्यांवरून ओलं फडकं फिरवलं, तर हा महिनाभर तिच्याशी बोलला नाही.

एका बुधवारी दाजी घरी आले ते तारांचं नवं पाकीट घेऊनच.

“मॅनेजर विचारत होता, तो खांबाला टेकलेला माणूस वाजवतो की नुसता उभा असतो?”

“त्या मॅनेजरला काय कळतंय? कालपर्यंत टॉवेल मोजत होता.”

“मोजेना का. पण तू ऐकू येत नाहीस हे खरंच आहे. मलाही येत नाहीस. या राउंडवाउंड लाव. शनिवारी ऐकू आलास तर ठीक, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. तुझ्या ताईला सांगून आलोय.”

ताईनं काही रदबदली केली का, हे त्यानं विचारलं नाही. दाजींच्या चेहऱ्यावर उत्तर दिसत होतं. आठवडाभर तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. शनिवार गेला तर बाकीचे दिवस कशासाठी ढकलायचे, हे त्याला माहीत नव्हतं, आणि मेला तरी तो हे कबूल करणार नव्हता.

पण तारा बदलायच्या? त्या दीडशहाण्यांसाठी? त्यानं पाकीट फोडलं, नव्या तारा मोज्यांच्या खणात कोंबल्या आणि शनिवारी रिकामं पाकीट दाजींना दिसेल असं अँप्लिफायरवर ठेवून दिलं. एवढ्यावर हे लोक फसणार याची त्याला खात्री होती. तरी धोका नको म्हणून त्यानं हात मागे, तारा जिथं टेकतात त्या घोडीजवळ नेला, कारण तिथं आवाज टणक निघतो, आणि बोटांनी चांगलं कचकचून वाजवलं. फसताहेत की नाही हे बघायचं, म्हणून खांबही सोडला. दाजी श्वास कुठं घेतात, बाईंचा पाय मोठ्या ड्रमवर कधी पडतो, यावर तो पापणी न लववता नजर ठेवून होता.

तिसऱ्या गाण्याला कपाटं जागची हलली. पाचव्याला दाजींनी मागे वळून मान डोलावली. मध्यंतरात मॅनेजर स्वतः आला आणि म्हणाला, “वा, नव्या तारांची बातच वेगळी.” दाजी म्हणाले, “बघ, उगाच अडून बसला होतास. आता हेच चालू ठेव.” खर्जोबानं ओठ मुडपून मान हलवली. एकोणीस वर्षांच्या मळकट तारांना हे लोक नव्या म्हणून डोक्यावर घेत होते! त्याला इतकं तुच्छ हसू येत होतं की ते कुणापुढे तरी सांडल्याशिवाय त्याला चैन पडेना. कार्यक्रम संपला, दालन रिकामं झालं, आणि आवराआवर करत फक्त ड्रमवाल्या बाई उरल्या. या कामाला त्याच बऱ्या.

“बाई, गंमत सांगू? तारा जुन्याच आहेत.”

“माहितेय,” बाई झांजेचा स्क्रू काढत म्हणाल्या.

“तुम्हाला कसं माहीत?”

“तीन फुटांवर बसते मी तुमच्या. बोट सरकताना किरकिर आली नाही एकदाही.” त्यांनी झांज पिशवीत घातली. “पण आज तुम्ही माझ्या पायाबरोबर वाजवलंत. पाय पडला की तुमचा सूर. सुरुवातीची दोनेक वर्षं मी वाट बघितली हो. मग म्हटलं, हे आपल्याबरोबर वाजवायचे नाहीत. तेव्हापासून मी तुमच्याही वाटणीचं ठोकत आले.”

असल्या वेळी त्याच्या जिभेवर काहीतरी झोंबणारं तयार असायचं. आज तो गिटारची वायर गुंडाळू लागला. ज्यांना आपण बहिरे ठरवलं त्यांतली एक बाई इतकी वर्षं कान देऊन बसली होती, आणि तिला ऐकवावं असं आपण काही वाजवलंच नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी मोठ्या ड्रमची पेटी ओढत दारापर्यंत नेली. दाराशी दोन पायऱ्या होत्या.

“एक बाजू धरता का?” त्या म्हणाल्या. “दर वेळी वॉचमनला बोलवावं लागतं.”

त्यानं धरली. पेटी चांगलीच जड होती.