मामांच्या आरशात

माझ्या बायकोच्या मामांइतका ट्रेलरच्या अपघातांचा जाणकार उभ्या कोल्हापुरात सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे तीस वर्षं ट्रेलर हाकूनही त्यांनी स्वतः एकही अपघात केला नाही. "अपघात आपोआप हुईत न्हाई पावणं, त्यो करावा लागतोय," असं कुणालाही ऐकवत ते बोटं मोजायचे: झोप, घाई, जादा माल, गुळगुळीत टायर. अंगठा मात्र मिटलेलाच. पाचवं कारण विचारलं की म्हणायचे, "कळंल तवा सांगतो."

गडमुडशिंगीच्या चहाच्या टपरीवर ते ड्रायव्हरला आधी "झोपलाईस किती?" विचारणार, मग नाव. आमच्या लग्नात तर कहरच केला. नवरीकडच्या बसचे टायर काठीनं ठोकले, एक गुळगुळीत निघाला, तो बदलेपर्यंत बस हलू दिली नाही. इकडे मी मुंडावळ्या बांधून ताटकळतोय, मुहूर्त गेला, सासरे लालबुंद! मामा शांतपणे म्हणाले, "मुहूर्त दुसरा मिळंल की. भाची एकच हाय."

ट्रेलर हलवण्यापूर्वी मागच्या डाव्या कोपऱ्याशी माणूस उभा करायचा, हा त्यांचा नेम. तिथंच मोटरसायकलवाले घुसतात आणि ड्रायव्हरला दिसत नाहीत. तो माणूस दिसेपर्यंत मामा आरसा फिरवणार, मगच गाडी चालू. लग्नानंतर ही नोकरी मला लागली. धंदा त्यांच्या मुलाकडे गेला, तरी दसऱ्याच्या पूजेनंतरची पहिली फेरी मामांचीच असायची. वर्षभर ते त्या एका फेरीची वाट बघायचे.

यंदा केबिनमधून हाक आली, "जावईबापू, हुबं ऱ्हावा की!"

मी उभाच होतो. हात हलवला, टॉवेल फडकवला. मुलानं वर चढून आरशात पाहिलं, त्याला मी स्वच्छ दिसत होतो. मामांनी पुन्हा एकदा पाहिलं, मग चावी काढली, खाली उतरले आणि ती मुलाच्या हातात ठेवली. अंगठा उघडून म्हणाले, "पाचवं कळलं. नजर गेलेली ड्रायव्हरला कळत न्हाई."

मला फार वाईट वाटलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही पुढं गाडी बंदच सांगितली.

आता त्या कोपऱ्याशी काठी घेऊन मामाच उभे राहतात. माझी नोकरी गेली. मुलगा केबिनमधून ओरडतो, "आबा, दिसला!"

मामा काठी उंचावून म्हणतात, "बरं झालं. म्हंजे अजून हाय मी!"